ठिपकीचा रिकामा रकाना

वहिनीला गणितात शून्य मार्क मिळाले होते, आणि ही गोष्ट ती स्वतःच गावभर सांगत फिरायची. दातांच्या दवाखान्यात ती दाराजवळच्या टेबलावर बसायची, पेशंटांना वेळा द्यायची. कुणी सुट्टे परत घेताना "बरोबर आहेत ना?" असं विचारलं की ही लगेच म्हणायची, "मोजून घ्या हो, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात भोपळा मिळवलेली बाई आहे मी!" दाढ ठणकत असलेली माणसंसुद्धा गालावर हात ठेवून हसायची. तिचा नवराही हसायचा. एक सासूबाई मात्र कधी हसल्या नाहीत. खरं म्हणजे त्या पेपरच्या दिवशी वहिनी अंगभर कांजिण्या घेऊन पांघरुणात पडली होती. पण गुणपत्रिकेला त्याचं काय? तिथं शून्य छापून आलं, खाली 'नापास' आलं, आणि वहिनीने ते अंगाला चिकटवून घेतलं.

अशा बाईला कॉम्प्युटरच्या तक्त्यांचं वेड लागावं ही मोठी गंमत. दवाखान्यात पेशंटांची यादी ठेवता ठेवता तिला एक दिवस 'जर-तर'चं सूत्र सापडलं. जर पेशंट सहा महिने फिरकला नसेल, तर नाव लाल कर. नाहीतर राहू दे. एवढं टाइप केलं आणि अख्खी यादी आपोआप रंगली! वहिनी खुर्चीतून उठूनच उभी राहिली. डॉक्टरांना वाटलं, बाहेर कोणी चक्कर येऊन पडलं की काय.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याचं गल्लीच्या तोंडाशी कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. तो बिचारा दुपारी जेवायला यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "जर स्वयंपाक झाला असेल तर बसतो, नाहीतर परत जातो." वहिनी उलट म्हणायची, "जर हात धुतले असतील तर बस."

सासूबाईंचं वेड वेगळं. इमारतीच्या गच्चीवर त्यांची ढाबळ होती, आणि ढाबळीत शर्यतीची कबुतरं. त्यांचा जीव होता ठिपकीवर. राखाडी अंग, मानेखाली एक पांढरा ठिपका, आणि चाल अशी की जणू इमारत हिच्याच नावावर आहे. सासूबाई रोज चार मजले चढून जायच्या आणि दाण्यांचा डबा खुळखुळवायच्या. ठिपकी कुठल्याही आभाळात असली तरी त्या आवाजाला खाली यायची.

आसपासच्या ढाबळवाल्यांचा एक क्लब होता. हंगामात चार शर्यती व्हायच्या. पक्षी टोपल्यांत घालून लांब नेऊन सोडायचे, आणि ज्याने त्याने आपापल्या ढाबळीत परत यायचं. चारही शर्यती पुऱ्या करणाऱ्या पक्ष्याला करंडक. असा एकही निघाला नाही, तर तीन पुऱ्या केलेल्यांतल्या, चौथीत सगळ्यात आधी परतलेल्या पक्ष्याला. सासूबाईंनी इतकी वर्षं पक्षी पाळले, पण करंडक दरवेळी त्यांच्या दारावरून पुढे जायचा. यंदा ठिपकीच्या तीन झाल्या होत्या, चौथी तेवढी राहिली होती. बाकी कुणाच्याच पक्ष्याला तीनही जमल्या नव्हत्या. त्यातल्या त्यात क्लबचे अध्यक्ष बेकरीवाले यांचा 'तोफ' जवळ होता, पण तोही दुसऱ्या शर्यतीत परक्या ढाबळीत उतरून दोन दिवस पाहुणचार झोडत बसला होता. म्हणजे हिशेब सरळ होता. ठिपकी आली तर करंडक सासूबाईंचा. नाही आली आणि तोफ आला तर बेकरीवाल्यांचा.

आणि सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "या गुडघ्यांनी पुढच्या हंगामात गच्ची जमायची नाही. ढाबळ काही खाली येत नाही, आणि मी काही वर जात नाही. यंदा काय ते." त्यांनी हे साध्या आवाजात सांगितलं.

क्लबमध्ये निकाल फळ्यावर लिहायची पद्धत होती. लिहायचे शिट्टीमास्तर, निवृत्त खेळशिक्षक. अक्षर मोत्यासारखं आणि तोंड तिखटासारखं. त्यांचा आणि सगळ्याच ढाबळवाल्यांचा एक जुना दंडक होता. जो पक्षी परतला नाही, त्याच्या नावापुढे काहीही लिहायचं नाही. फुली नाही, रेघ नाही, 'नाही' हा शब्द तर मुळीच नाही. एकदा का 'नाही' लिहिलं की पक्षी वाट चुकतो, असं सगळे मानायचे. त्यामुळे जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेचा अर्थ काय, हे क्लबमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं.

यंदा वहिनीने फळ्याच्या जागी तक्ता आणला. प्रत्येक ढाबळीच्या दारात एक पट्टी बसवली होती. पायात कडी असलेला पक्षी पट्टीवरून आत गेला की ती 'पीं' वाजायची आणि वेळ थेट तक्त्यात पडायची. पुढचं सगळं वहिनीच्या सूत्रांचं. पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा. जर उत्तर मर्यादेच्या आत, तर 'पात्र', नाहीतर 'बाद'. सगळ्यात कमी मिनिटं ज्याची, तो सगळ्यात वर. आणि तळाशी करंडकाचा मानकरी. मागच्या शर्यतींचे आकडे भरून तिने सूत्र तपासलंही होतं. पण तपासताना न परतलेल्या पक्ष्यांच्या ओळी तिने गाळून टाकल्या होत्या. आलेच नाहीत, तर मोजायचे कशाला? तिथंच तर माशी शिंकली होती.

चौथ्या शर्यतीला पक्षी सकाळी सातला सुटले. वारा समोरून होता, वाटेत ससाणेही होते म्हणे. संध्याकाळी क्लबच्या खोलीत बसायला जागा नव्हती. वहिनीने भिंतीवरचा मोठा पडदा चालू केला. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

पडद्यावर पहिलं नाव होतं ठिपकी! पात्र! करंडक ठिपकीला!

खोलीत एकच गिल्ला झाला. "अहो, पण ती आलीय कुठं?" कुणीतरी ओरडलं. वरची सातच्या सात नावं अशाच पक्ष्यांची होती, जे अजून घरी पोचलेच नव्हते. वाऱ्याशी झुंजत खरोखर परतलेला तोफ आठव्या नंबरावर होता.

शिट्टीमास्तरांनी चष्मा वर केला. "वहिनी, ठिपकीला लागलेली मिनिटं किती लिहिलीत? उणे चारशे वीस? म्हणजे सुटायच्या आधीच पोचली!"

"आकडाच चारशे वीस आहे मास्तर, आणखी काय पुरावा पाहिजे?" बेकरीवाले म्हणाले, आणि खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली.

"फळा कधी असं खोटं बोलला नसता," मास्तरांनी मीठ चोळलं.

वहिनीचे कान तापले. पण डोकं झरझर चाललं होतं, आणि एकदम उलगडा झाला. तक्त्याला कोरी जागा कळतच नव्हती! त्याने कोऱ्याला शून्य धरलं होतं. तक्ता वेळ मोजायचा ती सुटण्याच्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून, म्हणून शून्य म्हणजे मध्यरात्रीचे बारा. शून्यातून सकाळच्या सातची चारशे वीस मिनिटं वजा केली की उणे चारशे वीस, आणि उणे आकडा कुठल्याही मर्यादेपेक्षा कमीच. जो आलाच नाही, तो सगळ्यात वेगवान!

"एक मिनिट! आत्ता दुरुस्त करते!" तिने सूत्राच्या पुढे आणखी एक 'जर' जोडला. जर वेळेचा रकाना कोरा, तर 'बाद'. कळ दाबली. सातही नावं सर्रकन तळाला गेली, पुढे लाल अक्षरांत 'बाद' उमटलं, आणि करंडकाच्या चौकटीत आलं 'तोफ'.

टाळ्या पडल्या. बेकरीवाल्यांनी तिथूनच बेकरीत फोन लावला, मोठा केक काढून ठेवायला सांगितला. वहिनी सुटकेचा श्वास टाकत वळली, आणि समोर सासूबाई उभ्या होत्या.

"माझ्या पक्ष्याला बाद कोण म्हणालं?"

"आई, ती आलेली नाही ना..."

"आलेली नाही हे मलाही दिसतंय. बाद कशी झाली ते सांग. शर्यत उद्या सूर्य मावळेपर्यंत चालू आहे. हो की नाही हो मास्तर?"

मास्तरांनी मान हलवली. "नियम तसाच आहे."

"तुम्ही कधी फळ्यावर फुली मारलीत?"

"छे! भलतंच काय?" मास्तर म्हणाले, आणि पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बघून खाली बसले. बाकीचे सहा मालकही आता कुरकुरायला लागले. मघाशी तक्त्याने गैरहजराला डोक्यावर घेतलं होतं, आता त्यालाच फासावर चढवत होता. रोग परवडला, पण औषध नको, अशी गत झाली. वहिनीने पडदा बंद केला. तिला रडू आलं होतं.

घरी परतल्यावर सासूबाई तळमजल्यावरच्या आपल्या दारात न थांबता तशाच गच्चीकडे निघाल्या. जिन्यात पहिल्या मजल्यावर दम खायला थांबल्या, तेव्हा वहिनी म्हणाली, "चुकलं माझं, आई. आधी तिला उगाच जिंकवलं, मग उगाच हरवलं."

"त्या यंत्राला येतात किती उत्तरं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपण शिकवू तितकी."

"मग तू दोनच का शिकवलीस?" एवढं बोलून त्या कठड्याला धरून चढायला लागल्या.

वहिनी पायरीवर तशीच उभी राहिली. खरंच की! दोनच का?

सकाळी चहा गार होऊन गेला तरी ती तक्त्यासमोरून उठली नाही. आधी विचारायचं ते हे, की रकाना भरलाय का? भरला असेल तरच वजाबाकी. कोरा असेल तर वजाबाकीला हातच लावायचा नाही. दुसरा प्रश्न विचारायचा. शर्यत चालू आहे का? चालू असेल तर 'वाटेवर'. संपली असेल तर 'नोंद नाही'. आणि 'बाद' फक्त त्यालाच, जो आला पण सूर्य मावळल्यावर आला. करंडकाच्या चौकटीलाही तिने दम दिला की एकही पक्षी 'वाटेवर' असेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

कळ दाबली, आणि सात ओळींत सात वेळा 'वाटेवर' उमटलं. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई! अहो आई, ठिपकी वाटेवर आहे!"

"आली?" सासूबाई धावतच आल्या, गुडघे बिडघे विसरून.

"आली नाही. वाटेवर आहे!"

सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवून तो शब्द वाचला. मग त्यांनी दाण्यांचा डबा उचलला आणि गच्चीवर जाऊन बसल्या.

काय दिवस गेला तो! क्लबच्या सगळ्यांच्या फोनवर तक्ता दिसत होता. नऊच्या सुमाराला एक 'वाटेवर' पुसला गेला आणि तिथं वेळ उमटली. मालकाचा फोन आला, "वहिनी, आला हो आला!" थोड्या वेळाने दुसरा. मग दोन एकदम. दवाखान्याला सुट्टी होती, पण डॉक्टरांनीही फोन करून विचारलं, "आता किती राहिले?" दुपार उतरेपर्यंत सहा पक्षी घरी पोचले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. एकच ओळ उरली, ठिपकीची.

संध्याकाळी जो तो सासूबाईंच्या गच्चीवर जमला. मास्तर घड्याळ घेऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. बेकरीवाले केकचं खोकं घेऊन आले होते, पण ते उघडायचं नाव काढत नव्हते. सगळे देव पाण्यात घालून आभाळाकडे बघत बसलेले. वहिनीच्या मांडीवर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर तो एक शब्द. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीला टेकला.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. नवरा दुकानातून बोलत होता, आणि धड बोलताही येत नव्हतं त्याला. "अगं, ती... आईची ठिपकी... येतेय!"

"कुठाय? आभाळात काहीच दिसत नाही!"

"आभाळात नाही गं! फुटपाथवरून! चालत येतेय!"

सगळे कठड्यावर ओणवे झाले. खाली, गल्लीच्या कडेने, ठिपकी पायी येत होती! डावा पंख खाली लोंबत होता, शेपटीची पिसं अर्धी गेलेली, पण चाल तीच, घरमालकिणीची. मागून नवरा दोन्ही हात पसरून, किल्ल्यांचा जुडगा वाजवत, गल्लीतल्या मांजरीला पळवत होता. एक रिक्षा थांबली होती. तिच्या मागे दोन गाड्या थांबल्या होत्या. हॉर्न मात्र कुणीही वाजवत नव्हतं.

"उचलून आण तिला!" कुणीतरी ओरडलं.

"खबरदार!" मास्तर कडाडले. "हात लागला की शर्यत संपली! आपल्या पायांनी ढाबळीत गेली पाहिजे!"

आपल्या पायांनी म्हणजे चार मजले. नवऱ्याने इमारतीचं आपोआप मिटणारं दार पाठ टेकवून उघडं धरलं. ठिपकीने जिन्याकडे पाहिलं, मान वाकडी केली, आणि पहिली पायरी उडी मारून चढली. वर गच्चीच्या दारात सासूबाईंनी डबा खुळखुळवला. दुसरी पायरी. तिसरी. वहिनी कॉम्प्युटर छातीशी धरून जिन्यात आली होती. बेकरीवाले तिच्याही पुढे. त्यांनी आवाज होऊ नये म्हणून बूट काढून हातात घेतले होते. एवढा मोठा माणूस, जिन्याच्या कोपऱ्यात पोट आत ओढून भिंतीला चिकटला होता आणि कुजबुजत होता, "ये गं बाई. ये. तोफाला घाल खड्ड्यात, तू ये."

दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. जिथं सासूबाई रोज दम खायला थांबायच्या, त्याच्या जरा वर. चोच उघडी, अंग धपापतंय. वरून मास्तरांचा आवाज आला, "अर्धा बुडाला!"

सासूबाईंचा डबा थांबला. "घाई करू नका तिला," त्या म्हणाल्या. "येईल. ती वाटेवर आहे."

आणि ठिपकी निघाली. तिसरा मजला, चौथा, गच्चीचा उंबरा. गच्चीवरची माणसं दोन्ही बाजूंना सरकली, मधे वाट पडली. सूर्याची एक लाल कड उरली होती. ठिपकी ढाबळीच्या दारापाशी पोचली, मागे वळून सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि आत शिरली.

पीं!

वहिनीच्या डोळ्यांसमोर 'वाटेवर' पुसलं गेलं, वेळ उमटली, 'पात्र' उमटलं. सगळ्यात खाली, सगळ्यांत शेवटचा नंबर. आणि दिवसभर गप्प बसलेली करंडकाची चौकट बोलली, 'ठिपकी'. मग जो काही आरडाओरडा झाला, त्याने शेजारच्या तीन इमारतींवरची कबुतरं उडाली. मास्तरांनी आयुष्यभर जपलेली शिट्टी एवढ्या जोरात वाजवली की त्यांना ठसका लागला. बेकरीवाल्यांनी खोकं उघडलं. केकवर क्रीमने 'तोफ' लिहिलं होतं, ते त्यांनी स्वतःच सुरीने सपाट केलं आणि पहिला तुकडा सासूबाईंना दिला.

सासूबाई ढाबळीसमोर बसल्या होत्या. मांडीवर ठिपकी, लोंबत्या पंखाला मऊ फडकं बांधलेलं. त्या रडत होत्या आणि दाणे भरवत होत्या, दोन्ही एकाच वेळी.

"वहिनी," तोंडात केक असतानाच बेकरीवाले म्हणाले, "फळा आता माळ्यावर. मास्तरांनीच सांगितलंय. पण खरं सांगा, गणितात किती मार्क होते तुम्हाला?"

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. सगळे हसायच्या तयारीत होते. वहिनीनेही सवयीने तोंड उघडलं, पण 'भोपळा' हा शब्द काही बाहेर येईना. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

"मी त्या पेपरला बसलेच नव्हते," ती म्हणाली. "कांजिण्या आल्या होत्या मला. त्यांनी शून्य लिहिलं, पण तो रकाना कोराच आहे."

कुणी हसलं नाही. सासूबाई मात्र हसल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ठिपकीला त्यांनी अलगद सुनेच्या ओंजळीत दिलं.

"मग? परीक्षा बंद झालीय का?"

"नाही आई. दरवर्षी असते."

"मग बस की."